साहेबाच्या देवळाचा दुसरा मनोरा

आक्का, तुझं बरोबर होतं. साहेबाच्या देवळाला दोन मनोरे आहेत आणि ते दोन्ही अगदी सारखे आहेत. हे मला मंगळवारी सकाळी कळलं आणि तू गेलीस शनिवारी. मधले दिवस माझ्याकडे फोन होता, तुझ्या वडगावच्या घरचा नंबर तोंडपाठ होता, तरी मी तुला सांगितलं नाही. रविवारी जाणारच आहे, तेव्हा समोर बसून सांगू, अशी मी माझी समजूत घातली. खरं कारण तुला सांगायला नको. जिच्याशी पंचवीस वर्षं भांडले, तिच्यापुढे फोनवर हार मानायची माझी तयारी नव्हती.

आज तुला जाऊन सतरा दिवस झाले. निपाणीच्या माझ्या घरात त्या देवळाचं चित्र भिंतीवर आहे. मी त्याच्याकडे पाठ करून बसलेय आणि तुला लिहितेय.

चित्र आलं ते रोझीबाईंकडून. माझ्या शेजारच्या, दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्सबाई, मूळच्या बेळगाव कॅम्पातल्या. त्यांची पणजी कॅम्पात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर आया होती. साहेब विलायतेला परत जाताना त्यानं तिला एक लोकरी शाल, दोन चिनी मातीच्या बश्या आणि हे चित्र दिलं. शाल कसरीनं खाल्ली, बश्या फुटल्या, चित्र राहिलं. रोझीबाई भाचीकडे गोव्याला कायमच्या निघाल्या तेव्हा म्हणाल्या, "टीचर, तुम्हीच ठेवा, तिथं दमट हवेत सडून जाईल." मी शाळेत चित्रकला शिकवणारी बाई. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. अस्सल जलरंगातलं, दीडशे वर्षांपूर्वीचं चित्र आपल्या घरात.

हातभर कागद, कडा चहात बुडवल्यासारख्या पिवळ्या. कुठल्याशा शहरातलं भलं मोठं चर्च, बिशप बसतो तसलं, ज्याला कॅथेड्रल म्हणतात. उजवीकडचा मनोरा पुरा रंगवलेला, एकेक दगड मोजावा असा. टोकदार कमानीच्या खिडक्या, मधे चक्रासारखी गोल खिडकी, तिच्याखाली मोठं दार. दारापर्यंत रंग आलाय आणि मग थांबलाय. डावीकडं पेन्सिलीची एक रेघ वर गेलीय, बाकी कोरा कागद. खाली पेन्सिलीनं साल लिहिलंय, त्यातलं अठराशे एवढंच वाचता येतं. शहराचं नाव नाही, काढणाऱ्याचं नाव नाही. चित्र काढायच्या आधी सरावासाठी करतात तसला हा अभ्यास होता, हे मला बघताक्षणी कळलं. मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून दुसऱ्याच दिवशी तुझ्याकडे घेऊन आले.

तू तेव्हा ग्राफच्या कागदावर वाकून बसली होतीस. चष्मा कपाळावर सरकवलास, चित्र उजेडाकडं धरलंस आणि म्हणालीस, "लई भारी हात हाय गं. अर्धंच काढलंय, बराबर हाय."

"बरोबर कसं? अपुरं राहिलंय ते."

"अपुरं कशानं? दुसरं अर्धं तसंच न्हवं का असणार? दोनदा कशाला काढील त्यो?"

मला आधी कळेचना. मग तू समोरचा ग्राफ पुढे केलास. त्यावर कोयरीचा उजवा अर्धा भाग होता, चौकटी चौकटीनं भरलेला. डावा भाग तू काढलाच नव्हतास, कारण काढायचा नसतोच. मागाच्या डोक्यावर जकार्डचं यंत्र बसतं, त्यात भोकं पाडलेले पुठ्ठे फिरतात, आणि दोऱ्या अशा बांधलेल्या असतात की अर्ध्या नक्षीवरून आरशातल्यासारखी पुरी नक्षी कापडावर उतरते. जन्मभर तू अर्धी फुलं, अर्धे मोर, अर्धी कमळं काढलीस आणि शहापूर-वडगावच्या बायकांच्या अंगावर ती पुरी होऊन गेली. त्यामुळे अर्धं चित्र म्हणजे काम पुरं झालं, असंच तुझ्या डोळ्यांना दिसायचं. विलायतेचा साहेबही तुझ्याच धंद्यातला, असं तू गृहीत धरलंस.

मी इतकी हसले की सुमन चहा घेऊन दारातच थांबली. ती तुझी सून, तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली, तिला वाटलं काहीतरी झालं. तू मात्र हसली नाहीस. "त्यात हसायसारकं काय हाय?" एवढंच विचारलंस.

मी लगेच शाळेतल्या आवाजात सुरू झाले. कलावंत कोरी जागा मुद्दाम सोडतो, ती जागाही चित्रच असते, चित्र म्हणजे काही साडीचा काठ नव्हे, दोन बाजू सारख्या असतील असं कुणी सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "पुस्तकातलं बोलू नगंस. देऊळ बांधणारा गवंडी एक बाजू येगळी कशाला बांधील?" मी आवाज चढवला.

आक्का, मी कुणाला काय शिकवत होते? रेघ ओढताना श्वास धरायचा, हे मला कुणी शिकवलं? मी सातवीत होते. पट्टी न घेता तू कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढलीस, ती ताणलेल्या सुतासारखी सरळ. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. "श्वास धर. रेघ संपली की सोड," म्हणालीस. हेच वाक्य मी निपाणीच्या शाळेत वर्गामागून वर्गांना शिकवलं आणि प्रत्येक वेळी माझंच असल्यासारखं शिकवलं. ड्रॉइंग टीचरचा कोर्स करताना माझा सगळा सराव तुझ्या वापरून झालेल्या ग्राफच्या पाठकोऱ्या बाजूंवर झाला. एका अंगाला तुझी अर्धी कोयरी, दुसऱ्या अंगाला माझी केळी आणि माठ. परीक्षकांना मी फक्त माझी बाजू दाखवली.

आणि तुझं ते मोजणं. बोलायचीस मराठीत, भांडायचीस मराठीत, पण ग्राफवर बोट ठेवून चौकटी मोजायला लागलीस की वंदु, एरडु, मूरु, नाल्कु. ज्या मास्तरांनी तुला ग्राफ शिकवला ते कन्नड बोलणारे होते, तेव्हापासून आकडे तुझ्या बोटात कन्नडमध्येच बसले. मधेच कुणी बोललं की तू हात वर करून थांबवायचीस. मोजणं चुकलं तर पुठ्ठे चुकतील आणि पुठ्ठे चुकले तर साडीभर चूक उतरेल. तुझ्याएवढी जबाबदारी घेऊन मी एकही चित्र काढलेलं नाही.

आता त्या दिवसाचं लिहिते, ज्याचं मी तुझ्याशी कधीच बोलले नाही. आमच्या शाळेत चित्रांचं प्रदर्शन होतं. मी साहेबाचं चित्र मधोमध लावलं होतं आणि तुला हौसेनं बोलावलं होतं. तू वडगावहून सकाळच्या बसनं आलीस, पिशवीत बेळगावचा गोड कुंदा घेऊन. निपाणीत उतरल्यावर तंबाखूच्या वखारींवरून येताना शिंकून शिंकून तुझे डोळे लाल झाले होते. चित्रापुढे सगळे शिक्षक जमले, हेडमास्तर होते, पाहुणे होते. कुणीतरी विचारलं, हे अर्धंच का हो? आणि मी तुझ्याकडे बोट करून म्हणाले, "आमच्या आक्काला विचारा. तिला वाटतं साहेबानं अर्धं काढलं आणि उरलेलं मागावर विणायला टाकलं."

सगळे हसले. हेडमास्तर तर पोट धरून हसले. तूही तोंडाला पदर लावून हसलीस. मला वाटलं, चला, हिनंही मजेत घेतलं.

संध्याकाळी मी तुला बसस्टँडवर सोडायला आले. गाडी लागली, तू खिडकीशी बसलीस आणि बाहेर बघत म्हणालीस, "माझं हसं करायचं हुतं तर आधी सांगायचं. बरं लुगडं तरी नेसलं असतं की मी." रागावून बोलली असतीस तर मी उलट बोलले असते. तू साधं, भाजीचं सांगावं तसं सांगितलंस. गाडी गेली आणि मी स्टँडवर तशीच उभी राहिले. तेव्हा माफी मागायला हवी होती. नंतरही कितीदा संधी आली. मागितली नाही.

त्याऐवजी मी काय केलं, तर पुढच्या रविवारी लायब्ररीतून विलायतेच्या चर्चांचं एक जाडजूड पुस्तक घेऊन वडगावला आले. तोंडानं म्हणाले की हे बघ, यात एका मनोऱ्याची चर्चं आहेत, आता बोल. त्याआधी मी तुझ्याकडे यायचे ती नागपंचमीला, दिवाळीला आणि कुणाच्या लग्नाला. तू पुस्तक पानापानानं बघितलंस. दोन मनोऱ्यांची चर्चंही त्यात होतीच, ती बोटानं दाखवलीस आणि म्हणालीस, "ह्यात आपलं देऊळ न्हाय. फुडच्या रविवारी दुसरं आण."

तेव्हापासून रविवार ठरून गेले. सकाळची बस, कंडक्टरचं कन्नड, कागलवाल्यांच्या आणि संकेश्वरवाल्यांच्या गप्पा, बेळगावात उतरून वडगावची गाडी. तुझ्या गल्लीत शिरलं की आधी मागांचा आवाज यायचा. मग वर्षावर्षाला तो कमी होत गेला. एकेका घरातले माग भंगारात गेले, तुझा मुलगा संजू उद्यमबागेत फौंड्रीत लागला. तरी तू ग्राफ सोडला नाहीस. कुणी सांगितलं नसलं तरी काढायचीस. समोर भिंतीला साहेबाच्या देवळाची रंगीत झेरॉक्स लावलेली असायची. ती मीच आणून दिली होती, तुझं तोंड बंद व्हावं म्हणून. ते झालं नाहीच.

आपण त्या देवळावर काय काय भांडलो गं. मी म्हणायचे, साहेबाचे रंग संपले. तू म्हणायचीस, रंग संपले तर पेन्सिल हुती की. मी म्हणायचे, त्याला ताप आला असेल. तू म्हणायचीस, ताप आला तर माणूस सुट्टी काढतंय, अर्ध्या दाराशी बराबर थांबत न्हाय. मधे आमटी उतू जायची. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू पंधरा दिवस निपाणीत येऊन राहिलीस, रोज शिंकलीस, माझ्या पायाला तेल लावलंस आणि तेल लावतानाही चित्राकडे बघून "सारखंच असणार" म्हणालीस. मी एकटी राहणारी बाई, आक्का. आठवडाभर माझ्याशी खरंखुरं कुणी भांडत नव्हतं.

गेल्या महिन्यात मी जाहीर केलं की आता निकाल लावायचा. मेहबूब, माझा जुना विद्यार्थी, इंग्लंडात नोकरीला आहे. त्याला चित्राचा फोटो पाठवला आणि लिहिलं, हे देऊळ कुठलं ते शोध आणि डावी बाजू मला दाखव. जिंकणार याची मला खात्री होती. तुला सांगितलं तेव्हा तू पाय चेपत बसली होतीस, पायांवर सूज होती. "कशाला त्या पोराला तरास? ऱ्हाऊ दे की," म्हणालीस.

"घाबरलीस का?" मी विचारलं.

"व्हय, घाबरले," म्हणालीस आणि हसलीस. मला फार बरं वाटलं होतं.

मंगळवारी मेहबूबचा फोटो आला. गोल खिडकी तीच, दार तेच, कमानी त्याच. आणि दोन मनोरे, दगडाला दगड सारखे. त्यानं खाली लिहिलं होतं, मॅडम, तिथल्या माणसाला विचारलं, पहिल्यापासून असेच आहेत. मी फोटो मोठा करून बघितला, पुन्हा लहान केला. मग भांडी घासायला घेतली. घासलेली भांडी पुन्हा घासली. गुरुवारी तुझा फोन आला. "रविवारी येतीस न्हवं?" मी म्हणाले, येते. "देवळाचं काय कळलं का?" मी म्हणाले, नाही अजून. तू म्हणालीस, "बरं झालं." मला वाटलं, हिणवतेस. मनात म्हटलं, थांब, रविवारपर्यंत तरी थांब.

शनिवारी दुपारी संजूचा फोन आला. तू जेवून पडलीस ती उठलीच नाहीस.

बाराव्याला मी आले तेव्हा गल्लीतल्या बायका मागाच्या खोलीत बसल्या होत्या. माग नाही आता तिथं, नाव राहिलंय. जेवणं उरकली, जो तो तुझं काही ना काही सांगत होता. माझ्या आतून ते वर आलं आणि मला थोपवता येईना. मी फोन काढला, फोटो सगळ्यांना दाखवला आणि सांगितलं की पंचवीस वर्षं मी हिला खोटं पाडत होते आणि ही बरोबर होती. प्रदर्शनातलंही सांगितलं, मी कसं बोट दाखवलं, लोक कसे हसले. तिथं हेडमास्तर नव्हते, कुणीही नव्हतं त्यावेळचं. पण चारचौघांत हसं केलं होतं तर चारचौघांतच सांगायला हवं होतं. मी रडले.

सुमननं फोन माझ्या हातातून घेतला आणि फोटो मोठा करून दोन्ही मनोरे बघितले. मग म्हणाली, "मावशी, मनोरं सारखंच हाईत, खरं हाय. पर आत्तींनी तुमचं कवाच मान्य केलतं."

मी म्हटलं, आक्कानं काय मान्य केलं?

तिनं सांगितलं ते असं. पाच-सहा वर्षांपूर्वी एका दुपारी तू तिला हाक मारून झेरॉक्सपुढे उभं केलंस. त्या पुऱ्या मनोऱ्याची सावली उजवीकडे पडलीय, ती दाखवलीस. म्हणालीस, "सावली हिकडं, म्हंजी ऊन तिकडनं येतंय. त्या बाजूला ऊन मावंना झालंय, म्हणून त्यानं कागद तसाच ठेवलाय. काठाला दोन्हीकडं सारखंच असतंय, पर उन्हाला दोन बाजू सारख्या न्हाईत. आमची टीचर म्हणतीया तेच खरं. त्येनं मुद्दाम सोडलंय."

आक्का, मी चित्रकलेची शिक्षिका. ते चित्र पंचवीस वर्षं माझ्या भिंतीवर. ती सावली मला दिसली नव्हती. कोरी जागा म्हणजे चित्र, असं मी पुस्तकातलं वाक्य फेकत राहिले, आणि ती जागा कोरी का, हे तू चौकटी मोजणाऱ्या डोळ्यांनी शोधून काढलंस.

मी सुमनला विचारलं, मग सांगितलं का नाही मला? दर रविवारी भांडत राहिली ती.

सुमन पदरानं फोनची काच पुसत म्हणाली, "मी म्हटलं की, मावशीस्नी सांगा, त्येंस्नी बरं वाटंल. तर मलाच दटावलं. म्हणाल्या, गप बस. भांडण मिटलं तर ती कशाला यील?"

कुणीतरी मला पाणी दिलं. मी ते प्यायले की नाही, आठवत नाही.

परतीच्या बसमध्ये माझ्या मनात आलं की मीही उत्तर याचसाठी दडवलं असेल, भांडण संपू नये म्हणून. असं म्हणून टाकलं तर किती बरं दिसेल. पण तुझ्याशी आता तरी खोटं बोलवत नाही. तू भांडण जपलंस मी यावं म्हणून. मी उत्तर दडवलं ते हरायचं नव्हतं म्हणून. "बरं झालं" म्हणालीस त्याचा अर्थ मला तुझ्या बाराव्याला कळला.

त्या शनिवारी मी पोचले तेव्हा तुला अंगणात ठेवलं होतं. मी वाकून तुझ्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच सांगितलं, "आक्का, तुझं बरोबर होतं. दोन्ही सारखे आहेत." बायकांना वाटलं मी देवाचं नाव घेतेय. आता वाटतं, तुझ्या कानात जायला एकच वाक्य उरलं होतं आणि मी त्यात मनोरे सांगत बसले. ते नको होतं सांगायला. सांगायला हवं होतं की भांडण मिटलं असतं तरी मी आले असते गं.